पहिल्या धारेची गोष्ट: हातभट्टी गुन्हा कधी झाली, आणि ती पितं कोण?

(आपल्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि खिडकीबाहेरचा कुकर काढून टाकलाय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

  

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. जव्हारकडचा मुलगा, आता पुण्यात शिकतो. म्हणाला, "ताई, माझी आजी घरी मोहाची काढते. सणाला, लग्नाला, पाहुणा आला की. हॉस्टेलवरचे मित्र म्हणतात हा गुन्हा आहे. पण हेच मित्र शनिवारी बारमध्ये जातात. मग माझी आजी गुन्हेगार आणि हे कूल, असं कसं?"

मी हा मेसेज तीन वेळा ऐकला. कारण या प्रश्नाचं एक टोक माझ्याही घरात आहे, आणि ते मी आजवर माईकसमोर कधी बोललेले नाही. आज बोलणार आहे. पण आधी इतिहास, कारण त्याशिवाय घरातली गोष्ट नुसती रडगाणं वाटेल.

मोहाचं झाड आणि सरकारची तिजोरी

आमचं मूळ गाव शहापूर तालुक्यात. माझी आजी सांगायची की तिच्या लहानपणी फाल्गुन-चैत्रात पहाटे उठून मोहाखाली जायचं. फुलं रात्रीतून गळतात, पिवळसर, गरगरीत, गोड वासाची. ती वेचायची, अंगणात वाळवायची. दारू हा त्यातला एकच उपयोग. वाळलेली फुलं भाजून, शिजवून खायची, पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की तीच पोटाला आधार. बियांचं तेल निघायचं. थोडक्यात, मोह म्हणजे कोठारच.

आता एकोणिसाव्या शतकात जाऊ. इंग्रजांच्या आधी सगळं मोकळं होतं असं नाही हां. पेशवाईत पुण्यात दारूवर कडक निर्बंध होतेच. पण डोंगरपट्ट्यात, जिथे सत्तेचा हात जेमतेम पोचायचा, तिथे घरची भट्टी ही घरचीच बाब होती. काही भागांत किरकोळ कर भरला की आपली आपण काढायला मोकळीक असायची.

मग आला १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. त्यामागचं मुख्य डोकं चार्ल्स प्रिचर्ड नावाच्या अधिकाऱ्याचं. मिठाच्या कराचं खातंही त्याच्याचकडे होतं. मीठ आणि दारू, दोन्हीचा हिशोब एकाच टेबलावर! यावरूनच कळतं की सरकार दारूकडे कसं बघत होतं. पाप-पुण्य राहू द्या बाजूला, तो उत्पन्नाचा रकाना होता.

विचार अगदी सरळ होता. हजार घरांत हजार भट्ट्या असतील तर कर कुठे कुठे गोळा करणार? त्यापेक्षा घरच्या भट्ट्या बंद करा. दारू मोजक्या मोठ्या कारखान्यांत काढा, तिथेच दर गॅलनवर कर लावा, आणि विकायचा ठेका लिलावात द्या. मुंबईच्या पलीकडचं उरण हे अशा दारूचं मोठं केंद्र झालं. मोहाचीच दारू, पण आता ती उरणहून यायची, ठेकेदाराच्या दुकानात मिळायची, आणि तिच्या किमतीत सरकारचा वाटा असायचा.

म्हणजे बघा, ज्या बाईच्या अंगणात मोहाचं झाड आहे, तिने फुलं वेचून स्वतः काढली तर गुन्हा. तिनेच मैलभर चालत जाऊन, पैसे मोजून ठेकेदाराकडून घेतली तर कायदेशीर. पिण्याला हरकत नव्हती. हरकत होती ती कर बुडवून पिण्याला.

लोक ऐकले का? छे! झाड अंगणात असताना कोण ऐकणार? मग १८९२ मध्ये सरकारने पुढचं पाऊल टाकलं. मोहफुलांसाठीच वेगळा कायदा केला आणि ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावर, साठवण्यावर निर्बंध आणले. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. फूल बाळगणं हाच संशय! आजीच्या आईच्या पिढीने फुलं पोत्यात लपवून ठेवल्याच्या गोष्टी आमच्या घरात सांगितल्या जातात. मी लहानपणी समजायचे की चोरांपासून लपवत असतील.

माझ्या श्रोत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. तुझ्या आजीची दारू वाईट ठरली म्हणून बेकायदा झाली नाही. ती मोजता येत नव्हती म्हणून बेकायदा झाली.

पण थांबा, दुसरी बाजू

आता इथे थांबून "इंग्रज वाईट, आपली हातभट्टी छान" असं म्हणून मोकळं होता आलं असतं. बरेच जण तसं करतात. पण तसं केलं तर ज्यांनी दारूविरुद्ध जीव तोडून काम केलं त्यांच्यावर अन्याय होईल.

महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये त्यांनी नगरपालिकेच्या प्रमुखांना पत्र लिहून शहरात दारूची दुकानं वाढवायला विरोध केला. त्यांना दिसत होतं की सरकारला महसूल हवाय म्हणून गल्लीबोळात दुकान येतंय, आणि त्यात संसार जातोय तो कष्टकऱ्याचा. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात गुत्त्यांपुढे पहारे बसले, लोकांना आत जाण्यापासून परावृत्त केलं गेलं. पुढे १९३० च्या सत्याग्रहात बायका दारूच्या दुकानांसमोर उभ्या राहिल्या.

आणि एक फारच भारी प्रसंग, जो शाळेच्या पुस्तकात मला तरी कधी भेटला नाही. १९२२ ची गोष्ट. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवस्त्यांत देवीचा संचार होऊ लागला. सुरुवात देवीच्या रोगापासून वाचण्यासाठीच्या पूजेची. पण ही लाट डोंगराकडे, दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत पोचली तेव्हा तिचं रूपच पालटलं. शेकडो-हजारो आदिवासी एकत्र बसायचे. ज्यांच्या अंगात देवी यायची ते सांगायचे, दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या ठेकेदाराकडे कामाला जाऊ नका. हे ठेकेदार बरेचसे पारशी होते आणि गावात जमीनदार, सावकारही तेच असायचे. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलंय.

लक्षात घ्या, बाहेरून कुणी सुधारक आला नव्हता. आधी सरकारने त्यांची स्वतःची दारू काढून घेतली, मग ठेकेदाराची गळ्यात मारली, आणि मग त्या लोकांनी ठरवलं की ही दारूच नको. दारू सोडणं हे ठेकेदाराच्या तोंडावर दार आपटणं होतं.

म्हणून दारूबंदीची मागणी वरून लादलेली होती असं सरसकट म्हणता येत नाही. ती खालूनही आली.

परवाना, पोलीस आणि मुंबईची खाडी

१ ऑगस्ट १९३९. बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार होतं, डॉक्टर गिल्डर मंत्री. मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग विरत गेला.

स्वातंत्र्यानंतर मात्र पक्कं काम झालं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री. एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीसाठी प्रयत्न करावा असं मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याचा आधार होताच. कायद्याला आव्हान दिलं गेलं, १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालसरा खटल्यात काही तरतुदी रद्द केल्या, पण मूळ कायदा टिकला.

आणि गंमत ऐका, तोच कायदा आजही चालू आहे! नाव बदलून महाराष्ट्र दारूबंदी कायदा झालंय, एवढंच. तुम्ही-आम्ही ज्या राज्यात राहतो तिथे कागदोपत्री दारू पिण्यासाठी परवाना लागतो. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं ना? ते त्यावरूनच आलं. परवान्याच्या नियमातली भाषा अशी की हा माणूस आरोग्य जपण्यासाठी, टिकवण्यासाठी मद्य घेतोय. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. शनिवारी बारमध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात तो असतो, हे तुम्हीच सांगा.

पन्नास-साठच्या दशकांत काय झालं? ज्याची डॉक्टरकडे ओळख होती, ज्याला अर्ज करता येत होता, त्याने परवाना काढला. बाकीच्यांसाठी हातभट्टी. शहराच्या कडेची खाडी, खारफुटीची दाट झाडी, गटारांची तोंडं, तिथे पिंपं पुरली गेली. मोह शहरात कुठून आणणार? मग काळा गूळ आला, आणि तो लवकर फसफसावा, चढावा म्हणून नवसागर. पोलिसांच्या बातम्यांत आजही वाचतो ना आपण, 'गूळमिश्रित रसायन नष्ट'. हे रसायन म्हणजे आंबवलेलं पाणी, दारू निघायच्या आधीचं. माल टायरच्या ट्यूबमध्ये भरून शहरात यायचा. वांद्र्यापासून धोबीतलावापर्यंत 'आंटीचे अड्डे' निघाले, घराच्या पुढच्या खोलीत बसून प्यायचं. पोलिसांचा हप्ता ठरलेला. धारावी-सायनच्या पट्ट्यातला वरदराजन मुदलियार याच धंद्यातून मोठा झाला. मुंबईच्या गुन्हेगारी जगाची पहिली मोठी कमाई बंदुकीआधी दारूतून आली.

आणि मोह? मोह आता फक्त गावाकडे उरला होता. घरची दारू हा शब्द तोच, पण अंगणातली दारू आणि गटाराकाठची दारू या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. कायद्याच्या लेखी मात्र दोन्ही एकच.

साठच्या दशकात परवाने सैल होऊ लागले आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. म्हणजे साधारण शंभर वर्षांनी सरकार पुन्हा तिथेच, कारखान्यात काढा, कर भरा, दुकानात विका. नाक्यावरचं 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' तेव्हापासूनचं. हातभट्टी त्यानंतरही बेकायदाच राहिली.

शेजारी गोव्यात बघा. तिथेही घरगुती भट्टीच, काजूची बोंडं तुडवून काढलेली उराक आणि फेणी. पण तिथे भट्टीवाल्याला परवाना मिळतो, तो कर भरतो. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय म्हटलं. पर्यटक बाटली भेट म्हणून घेऊन येतात. जव्हारच्या आजीची मोहाची आणि गोव्यातल्या काकांची काजूची, पद्धत जवळजवळ सारखी. एकीला मानांकन, दुसरीला छापा.

आपल्याकडे २०२१ मध्ये मोहफुलं वेचायला आणि साठवायला असलेले निर्बंध शिथिल झाले. म्हणजे फूल सुटलं. दारू अजून नाही.

पितं कोण?

आता माझ्या घरातली गोष्ट.

माझा काका बाजारात माल उतरवायचा. पाठीवर पोती. मी सहावीत होते तेव्हा. संध्याकाळी तो खाडीकडच्या वस्तीत जायचा, एका मावशीच्या खोलीवर. तिचा नवरा गेलेला, तीन पोरं, दोन कळशा भरून माल ठेवायची आणि ग्लासावर विकायची. सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची, आम्हीसुद्धा. दिवाळीला आमच्याकडे तिच्या घरची चकली यायची.

मी मोठी झाल्यावर काकाला विचारलं, "देशीचं दुकान नाक्यावर होतं की. तिथे का नाही गेलास?"

तो म्हणाला, "दुकानात बाटली घ्यावी लागते. मला ग्लास पाहिजे असायचा. दुकानात रोख लागतात, मावशी वहीत लिहायची. दुकान उघडायच्या आधी पहाटे मी पोती उचलायला जायचो, तेव्हा अंग दुखत असायचं. आणि दुकानात कोणी कोणी बघतं."

त्याच्या या चार वाक्यांत सगळं अर्थशास्त्र आलं. सुटी मिळते, उधार मिळते, वेळ बघत नाही, घराजवळ असते. आणि अर्थात स्वस्त, कारण तिच्यावर कर नाही. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्यावरचे कर वाढवले तेव्हा देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरली. नाक्यावर उभं राहून आज काम मिळेल की नाही याची वाट बघणाऱ्यासाठी ८० रुपये म्हणजे काय, ते हिशोब करून बघा. कर वाढला की पिणारा दारू सोडतोच असं नाही. बऱ्याचदा तो एक पायरी खाली उतरतो. आणि सर्वांत खालच्या पायरीवर काय आहे, त्यावर कुणाचंच लेबल नाही.

तर एके दिवशी काका रात्री आला तो नेहमीसारखाच. जेवला, झोपला. सकाळी उठला तो डोकं धरून. पोटात कळा, उलट्या. आजी म्हणाली, "जास्त झाली असेल, लिंबूपाणी दे." दुपारी तो म्हणाला, "दिवा लावा रे, अंधार झालाय."

दुपारचे दोन वाजले होते. दार उघडं होतं. उन्हाचा पट्टा त्याच्या पायावर पडलेला मला अजून दिसतो.

तरी आम्ही त्याला लगेच दवाखान्यात नेलं नाही. हे मी आज पहिल्यांदा जाहीर बोलतेय. आजी म्हणाली, "पोलीस केस होईल." वडील म्हणाले, "मावशीला उचलतील, तिची पोरं..." असं करत संध्याकाळ झाली. शेवटी नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय प्यायलाय?" आणि आजी म्हणाली, "काही नाही हो, साधा ताप आहे."

काका वाचला. नजर पूर्ण आली नाही. पोती उचलायचं काम सुटलं. पाहुण्यांना आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो, मोतीबिंदू बिघडला.

विष कुठून येतं?

याचं विज्ञान मी फार उशिरा समजून घेतलं. तुम्ही आत्ताच घ्या.

आपल्याकडे समज असा की हातभट्टी काढताना काहीतरी चुकतं आणि ती विषारी होते. गूळ किंवा मोह आंबवून जी दारू बनते ती मुख्यतः इथेनॉल. त्यात मिथेनॉल बनलं तरी अगदी नगण्य. हातभट्टीतली घाण, नवसागर, गंजकी पिंपं यांनी शरीराची वाट लागतेच, लागत नाही असं मी म्हणत नाही. पण एका रात्रीत अख्खी वस्ती मरते तेव्हा त्यात बहुतेक वेळा कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेलं असतं. हे रंग, रसायनं, सॉल्व्हंट बनवायला लागतं. पिण्यासाठी नसल्याने त्याच्यावर दारूचा कर नाही. स्वस्त पडतं. दिसायला पाण्यासारखं, वासही दारूच्या जवळचा.

आता धंदेवाल्याच्या जागी उभे राहा. गूळ आंबवायला दिवस लागतात, वास सुटतो, धूर होतो, छापा पडतो. त्याऐवजी रसायनाचा एक कॅन आणा, पाणी घाला, तासाभरात माल तयार. जितके छापे भट्टीवर, तितका मोह त्या कॅनचा. मावशीने ती रात्र मुद्दाम केली असं मला वाटत नाही. तिला माल पुरवणाऱ्याने काय दिलं हे तिलाही कळायला मार्ग नव्हता. तपासणारं कुणीच नसतं, कारण कागदावर ती वस्तूच नसते.

शरीरात गेल्यावर मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल बनतं. ते डोळ्यांच्या नसेवर घाव घालतं. पण हे व्हायला वेळ लागतो, बारा तास, कधी दिवसभरही. म्हणूनच काका रात्री छान जेवला. शुद्ध मिथेनॉलचे दोन-तीन चमचेसुद्धा नजर घालवू शकतात. आणि काडी लावून निळी ज्योत आली म्हणजे माल चांगला, ही परीक्षा साफ खोटी आहे. मिथेनॉलची ज्योतही फिकट निळीच असते.

यावर औषध आहे. रुग्णालयात उतारा देतात, गरज पडली तर डायलिसिस करतात. पण तासातासाला फरक पडतो. डॉक्टरांना खरं कळलं तरच ते योग्य औषध सुरू करतील.

जून २०१५. मालाडच्या मालवणीत, लक्ष्मीनगरच्या वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. बहुतेक हातावर पोट असलेली. त्याआधी डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत असंच झालं होतं. मालवणीच्या खटल्याचा निकाल २०२४ मध्ये लागला, सत्र न्यायालयाने चौघांना दोषी ठरवलं, बाकीचे सुटले. तिकडे गुजरातेत, जिथे आपलाच जुना कायदा आजतागायत बंदी म्हणून चालतो, २००९ मध्ये अहमदाबादेत शंभराहून अधिक आणि २०२२ मध्ये बोटादकडे चाळीसहून अधिक बळी गेले. बंदी असो की सवलत, मरणारा माणूस तोच, खिशात मोजके पैसे असलेला.

मग काय, सोडून द्यायचा कायदा?

नाही, माझं मत तसं नाही. माझ्या आजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, जाळून टाका सगळ्या भट्ट्या. तिने आजोबांचा मार खाल्ला होता. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या चळवळीतून. आपल्याकडे 'उभी बाटली, आडवी बाटली' असं मतदान होतं, बायकांनी आडव्या बाटलीला पुरेशी मतं दिली की गावातलं दुकान बंद. मला हा फार मोठा हक्क वाटतो.

पण त्यात एक मेख आहे. मतदान होतं ते परवाना असलेल्या दुकानावर. मावशीच्या कळशीवर मतदान होत नाही. दुकान आडवं झालं तरी कळशी उभीच राहते.

म्हणून मला दोन गोष्टी वेगळ्या करायच्या आहेत. सणाला अंगणात काढलेली मोहाची एक गोष्ट, कॅनमधून ओतलेलं विष दुसरी. १८७८ पासून आपण दोन्हींना एकाच पोत्यात भरतोय. पहिलीला नियमात आणणं अशक्य नाही, गोव्याने करून दाखवलंय. दुसरीसाठी मिथेनॉलचा प्रत्येक कॅन कारखान्यातून कुठे गेला, हे मोजलं पाहिजे. इंग्रजांना एकेका गॅलनचा हिशोब ठेवता आला कारण त्यात पैसा होता. इथे माणसं आहेत, एवढाच काय तो फरक.

जव्हारच्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. आजच्या कायद्याने तुझ्या आजीची भट्टी गुन्हाच आहे, हे मी लपवणार नाही. पण ती गुन्हा कशी झाली, हे आता तुला तुझ्या मित्रांपेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना सांग. आणि त्यांच्या खिशातला पाच रुपयांचा परवाना तेवढा बघ.

आणि बाकी सगळ्यांना एकच. तुमच्या घरात, शेजारी, कामाच्या ठिकाणी कुणी कुठली तरी प्यायलं असेल आणि दुसऱ्या दिवशी उलट्या, पोटात कळा, धाप, धूसर दिसणं असं काहीही झालं, तर लिंबूपाणी देत बसू नका. पुन्हा दारू पाजू नका. १०८ ला फोन करा, रुग्णालयात न्या. डॉक्टरने विचारलं "काय प्यायलाय?", तर खरं सांगा. कुठून आणली ते सांगा, त्याच जागी आणखी कोण बसलं होतं ते सांगा. पोलीस केसचं नंतर बघता येतं.

काका आता गावी असतो. हा भाग प्रसारित करायच्या आधी मी त्याला फोन करून विचारलं, "तुझी गोष्ट सांगू का?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सांग. पण मोतीबिंदू म्हणू नकोस आता."

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.